घरच्या छतावर सोलर बसवायचंय? आधी कोणतं काम, नंतर कोणतं: नागपूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पॅनल छतावर लागून गेलेत, व्हेंडरला पैसे देऊन झालेत, आणि महिनोन्महिने नेट मीटरही (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) नाही न् सबसिडीही नाही, असं सांगणारी माणसं मला सतत भेटतात. विचारत गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, पॅनल आधी बसवले आणि कागद नंतर पाहिले. ही सगळी प्रोसेस आता मोबाईलवर, पोर्टलवर चालते, तिथं एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही, त्यामुळं क्रम चुकला की गाडी तिथंच अडकते. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. मी इथं पीएम सूर्य घर योजनेतून (घरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना), महावितरणच्या घरगुती कनेक्शनवर, ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या लाईनीला जोडलेलं सोलर बसवणं धरून चाललोय.

१. सगळ्यात आधी लाईट बिल घेऊन बसा

व्हेंडरला फोन करायच्या आधी हे काम करा. बिलावर चार गोष्टी पाहायच्या: १२ आकडी ग्राहक क्रमांक, कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, मंजूर भार (कनेक्शनला मंजूर असलेले किलोवॅट) किती, आणि मागची थकबाकी आहे का.

सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या, आणि बँक खातं मुलाचं, असं सर्रास असतं. सबसिडी बँकेत येते ती ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याच खात्यात. म्हणून लाईट बिल, आधार आणि बँक पासबुक ही तिन्ही कागदं शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा. आजोबा वारलेत आणि मीटर त्यांच्याच नावावर आहे तर आधी महावितरणकडं नाव बदलाचा अर्ज करा, तो मंजूर होऊन नवीन नावाचं बिल हातात आल्यावरच पुढं जा. यात महिना जाईल, जाऊ द्या. नंतर हेच काम करायला गेलात तर पॅनल वर, पैसे गेलेले, आणि अर्ज मेलेल्या माणसाच्या नावावर, अशी अवस्था होते आणि ती सोडवायला फार त्रास होतो.

थकबाकी असेल तर भरून टाका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची तुमच्या एकट्याची नाही, सोसायटीची लेखी एनओसी आधी घ्या. तोंडी "हो हो लावा भाऊ" चालत नाही, उद्या अध्यक्ष बदलला की भांडण.

तपासा: बिलावरचं नाव, आधारवरचं नाव, पासबुकावरचं नाव एकच आहे? थकबाकी शून्य आहे? तरच पुढं.

२. किती किलोवॅट लागतील ते स्वतः काढा

हा हिशोब व्हेंडरवर सोडू नका. मागच्या १२ महिन्यांचे युनिट बिलावर किंवा महावितरणच्या ॲपवर सापडतात. त्यांची बेरीज करा, १२ ने भागा, मग १२० ने भागा. १ किलोवॅट सोलर आपल्याकडं सरासरी दिवसाला ४ युनिट, महिन्याला साधारण १२० युनिट देतं, म्हणून १२०. समजा वर्षाचे ३,६०० युनिट झाले, म्हणजे महिन्याला ३००, म्हणजे अडीच किलोवॅट, तर ३ किलोवॅट बसवा आणि थांबा.

सबसिडीचं गणित असं आहे: पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्याच्या वर तुम्ही ५ बसवा की ८, सबसिडी ७८,००० च राहते.

आता नागपूरकरांची खास चूक. एप्रिल, मे, जूनमध्ये कूलर दिवसरात्र चालतात, एसी चालतो, बिल दुप्पट-तिप्पट होतं, आणि लोक मे महिन्याचं बिल पाहून सिस्टीम घेतात. कोणी समजावतं की मोठी घ्या, हिवाळ्यात युनिट जमा होतील आणि उन्हाळ्यात वापरता येतील. तसं होत नाही. तुम्ही ग्रिडला दिलेले जास्तीचे युनिट महिन्यामहिन्याला पुढं जातात खरे, पण हा हिशोब आर्थिक वर्षाचा असतो आणि ३१ मार्चला बंद होतो. उरलेले युनिट युनिट म्हणून पुढच्या वर्षात जात नाहीत, त्यांचे पैसे ठरलेल्या दरानं बिलात वळते होतात आणि तो दर तुम्ही विकत घेता त्या विजेपेक्षा कमी असतो. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च जमवलेलं सगळं, कूलर काढायच्या अगदी तोंडावर संपतं. त्यामुळं मे महिन्याच्या बिलाएवढी सिस्टीम घेणं म्हणजे पैसे छतावर नुसते टाकून ठेवणं. सरासरी धरा, उन्हाळ्याचे दोन महिने थोडं बिल येईल, येऊ द्या.

आणि बिल एकदम शून्य होईल हे डोक्यातून काढा. स्थिर आकार लागतच राहतो.

याच टप्प्यावर अजून एक ठरवायचं. साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाईन गेली की बंद होतं, भर दुपारी ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, लाईनमन खांबावर काम करत असताना तुमच्या छतावरून तारेत करंट गेला तर त्याचा जीव जाईल. लाईन गेल्यावरही घर चालायला पाहिजे असेल तर बॅटरीसोबतचा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, तो महाग पडतो आणि बॅटरीला सबसिडी नाही. जिथं लाईन तासन्तास जाते तिथं याचा विचार करा, बाकीच्यांनी घरात आहे तो साधा इन्व्हर्टर राहू द्यावा.

३. गच्चीवर सावली मोजा, आणि ती हिवाळ्याची

जागा सोपी आहे, १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, सावली नसलेली. त्यातला "सावली नसलेली" हा भाग लोक चुकवतात, कारण चौकशी होते एप्रिल-मेमध्ये, बिल अंगावर आल्यावर. आणि नागपुरात मे महिन्याच्या शेवटी सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा गच्चीवर उभं राहून पाहिलं तर सगळी गच्ची मोकळीच दिसणार.

डिसेंबरमध्ये चित्र वेगळं असतं. २१-२२ डिसेंबरला नागपुरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडं साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे वस्तूची जितकी उंची तितकी लांब तिची सावली, उत्तरेकडं. ५ फूट उंच टाकी असेल तर दुपारी ५ फूट सावली, आणि सकाळी ९ ला त्याच्या साधारण दुप्पट. जिन्याचा टॉवर १० फूट असेल तर त्याच्या उत्तरेला १० फूट जागा दुपारीही गेली समजा. म्हणून टाकी, टॉवर, शेजाऱ्याची वाढवलेली भिंत, नारळाचं झाड, जे काही पॅनलच्या जागेच्या दक्षिणेला आहे त्याची उंची टेपनं मोजा आणि तितकी जागा सोडून द्या. पूर्व-पश्चिमेच्या वस्तूंना अजून जास्त सोडा. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याच्यासोबत एका लाईनीत जोडलेल्या बाकीच्या पॅनलांनाही तिचा फटका बसतो, म्हणून एवढी किटकिट.

शेजारचा प्लॉट रिकामा असेल आणि तो दक्षिणेला असेल तर तिथं उद्या दोन मजले चढतील हे धरूनच जागा निवडा. बेसा, हुडकेश्वर, मनीषनगरकडच्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पॅनलचं तोंड दक्षिणेकडं, उतार १५ ते २० अंश.

४. पोर्टलवर अर्ज, तुमच्याच मोबाईलवरून

पीएम सूर्य घरच्या सरकारी पोर्टलवर जा, पत्ता नीट पाहा, शेवटी जीओव्ही डॉट इन असलं पाहिजे. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक, मोबाईल नंबर टाकून नोंदणी करा, मग अर्ज भरा, बिल अपलोड करा.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हेंडरच्या पोराला "तूच करून टाक ना" म्हणणं. तो त्याचा नंबर टाकतो, सगळे ओटीपी त्याला जातात, आणि उद्या त्याच्याशी बिनसलं की तुमचाच अर्ज तुम्हाला उघडता येत नाही. मदत घ्या, त्याला शेजारी बसवा, पण नंबर आणि ईमेल तुमचाच पाहिजे, आणि असा नंबर जो पुढची पाच-सात वर्षं चालू राहील. आईच्या नावावर मीटर असेल आणि तिच्याकडं साधा फोन असेल तरी चालेल, ओटीपीचा मेसेज साध्या फोनवरही येतो.

१० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, मंजुरी धरली जाते आणि मंजूर भार वाढवायचा असेल तर तो वीज कंपनी वाढवते. त्यामुळं "फिजिबिलिटी काढून देतो, इतके इतके लागतील" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

सावधान: व्हॉट्सॲपवर "सूर्य घर" नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. नोंदणीसाठी क्यूआर कोड पाठवून पैसे मागणारा, फोनवर ओटीपी विचारणारा, स्क्रीन शेअर करायला लावणारा, हे सगळे फसवणारे समजा. शंका असली तर योजनेच्या १५५५५ या नंबरवर विचारा.

तपासा: अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेतला? मंजुरी दिसतेय? मग व्हेंडर.

५. व्हेंडर निवडणं आणि कोटेशन वाचणं

व्हेंडर पोर्टलच्या यादीतलाच पाहिजे, यादीबाहेरच्यानं काम केलं तर सबसिडी गेली. निदान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या, आणि खालची रक्कम पाहायच्या आधी वरचा मजकूर वाचा.

पॅनल डीसीआर आहेत असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. बाहेरचे सेल आणून इथं जोडलेले पॅनल स्वस्त मिळतात पण त्यांच्यावर ही सबसिडी नाही. मग कंपनी, मॉडेल, एका पॅनलचे वॅट, किती पॅनल. मग सोलर इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) क्षमता, कारण सबसिडी मोजताना पॅनल आणि इन्व्हर्टर यात जी क्षमता कमी ती धरतात. ५४० वॅटचे ६ पॅनल म्हणजे ३,२४० वॅट झाले, पण खाली इन्व्हर्टर अडीच किलोवॅटचा टाकला तर हिशोब अडीचचा होणार.

पॅनल बसवायचं स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) पाहिजे, नुसता रंग मारलेला लोखंडी अँगल नको. अर्थिंग किती, लायटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) आहे का, वायर कोणत्या कंपनीची, नेट मीटरचा खर्च कोटेशनमध्ये धरलाय की बाहेर, ५ वर्षांची देखभाल लिहिलीय का (योजनेत ती व्हेंडरनं द्यायचीच आहे), हे सगळं त्याच कागदावर आलं पाहिजे. आणि जीएसटी पाहा, सोलरच्या सामानावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, कोणी जुनंच कोटेशन पुढं सरकवत असेल तर नवीन मागा.

पैसे टप्प्यानं द्या, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागून सिस्टीम सुरू झाल्यावर. हे आधीच लिहून घ्या. "सबसिडी वजा करून द्या, ती आली की आम्हाला द्या" असा सौदा असेल तर तोही कागदावर. कर्ज काढणार असाल तर या योजनेखाली बँका तारण न घेता कर्ज देतात, त्याचा अर्ज आता करा, काम सुरू झाल्यावर नाही.

६. बसवायच्या दिवशी तुम्ही घरी पाहिजे

सुट्टी घ्या. गाडीतून पॅनल उतरले की वर चढवायच्या आधी प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा, सीरियल नंबर दिसेल असा. हेच नंबर पोर्टलवर टाकायचे असतात, आणि एकदा पॅनल स्ट्रक्चरवर बसले की मागून वाकून फोटो काढताना सगळ्यांचेच हाल होतात. नंबर चुकीचा टाकला गेला की तपासणीत अडकतं, म्हणून पोर्टलवर भरताना एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाकायचं.

मग काय पाहायचं?

छत आणि पॅनल यांच्यात हवा खेळायला जागा. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा सेल ७० च्या आसपास जातो, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्का उत्पादन घटतं, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास तिथंच गेलं. पॅनल टिनाला चिकटवून बसवले तर अजून जास्त. खालून वारा जाऊ द्या.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उघड्यावर लावू देऊ नका. कारागीर तिथंच लावायला पाहतात, वायर कमी लागते. पण आपल्या उन्हात तापला की इन्व्हर्टर स्वतःच पॉवर कमी करतो. जिन्याखाली, पोर्चमध्ये, सावलीत आणि हवेशीर जागी लावा.

अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे: पॅनलचा, इन्व्हर्टरचा, आणि अरेस्टरचा. अरेस्टरची वायर बाकीच्या अर्थिंगला जोडून एकाच खड्ड्यात सोडली तर तिथंच काम थांबवा. विदर्भात मे-जूनमध्ये विजा पडतात त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. वायरी पाइपातून न्या, मोकळ्या लोंबकळणाऱ्या वायरीत संक्रांतीला मांजा अडकतो, पोरं ओढतात आणि कनेक्टर निसटतो.

सावधान: मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनलमध्ये करंट असतोच, सहा पॅनलांच्या लाईनीत अडीचशे-तीनशे व्होल्ट. पॅनलच्या वायरींचे कनेक्टर घरच्या कोणीही उघडायचे नाहीत, आणि पोरांना त्या बाजूला सोडायचं नाही.

७. नेट मीटर लागेपर्यंत सिस्टीम बंद

काम झालं की व्हेंडर पोर्टलवर माहिती भरतो, नेट मीटरचा करार होतो, महावितरण तपासणी करून दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर लावतं. तोपर्यंत सिस्टीम चालू करायची नाही. "टेस्टिंग म्हणून चालू ठेवा, बिल कमी येईल" हे ऐकू नका, जुनं मीटर बाहेर जाणारी वीज ओळखेलच असं नाही, काही मीटर तीही वापरात धरतात आणि बिल वाढून येतं. शिवाय ते नियमात बसत नाही.

नवीन मीटर लागलं की त्याच दिवशी इम्पोर्ट (ग्रिडकडून घेतलेली वीज) आणि एक्सपोर्ट (ग्रिडला दिलेली) दोन्हीचं सुरुवातीचं रीडिंग फोटोत घ्या. पहिल्या बिलाशी ताडायला हेच लागतं.

८. ॲप जोडणं, आणि त्यातले आकडे समजणं

इन्व्हर्टरला एक वाय-फाय डोंगल येतं, ते घरच्या वाय-फायला जोडलं की रोजचं उत्पादन मोबाईलवर दिसतं. बहुतेक डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ वर नाही, "जोडलंच जात नाही" ही तक्रार बहुतेक यामुळंच असते. ॲपमधलं अकाउंट तुमच्या ईमेलवर तुम्ही उघडा आणि व्हेंडरला फक्त पाहण्यापुरता प्रवेश द्या. लोक उलटं करतात, मालकी व्हेंडरकडं आणि मालक पाहुणा, मग व्हेंडरनं दुकान बंद केलं की डेटा गेला. राउटर किंवा पासवर्ड बदलला तर डोंगल परत जोडावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

आता सगळ्यात जास्त भांडणं होतात तो मुद्दा. ॲपमध्ये दिवसाचे १३ युनिट दिसतात आणि मीटरवर एक्सपोर्ट ८ च वाढतो, मग ५ कोणी खाल्ले? कोणी नाही, ते तुमच्याच घरात दिवसा वापरले गेले, फ्रिज, पंखे, मोटर, इस्त्री. ते मीटरपर्यंत जातच नाहीत, त्यामुळं बिलावर कुठंच दिसत नाहीत. रात्री तुम्ही ग्रिडकडून ६ घेतले तर त्या दिवसाचा हिशोब ८ दिलेले, ६ घेतलेले, २ जमा. बिलावरचा एक्सपोर्ट ॲपमधल्या उत्पादनापेक्षा कमीच असणार. घरात दिवसा कोणीच नाही आणि तरी फरक मोठा दिसतोय, तर मात्र तक्रार करा.

९. सबसिडी आपोआप येत नाही

सिस्टीम सुरू झाल्याची नोंद महावितरणकडून पोर्टलवर झाली की तुम्हालाच लॉगिन करून बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक टाकून सबसिडीची रिक्वेस्ट पाठवायची असते. कितीतरी लोक इथंच वाट पाहत बसतात, रिक्वेस्टच टाकलेली नसते. खातं कनेक्शनधारकाच्या नावाचं, चालू स्थितीतलं, आयएफएससी नवीन असलेला (बँका एकमेकांत विलीन झाल्यावर बऱ्याच जुन्या पासबुकांवरचे कोड बदललेत). रिक्वेस्ट गेल्यावर साधारण ३० दिवसांत पैसे यायला पाहिजेत, नाही आले तर व्हेंडरच्या मागं न लागता पोर्टलवरच तक्रार टाका, तक्रार क्रमांक जपून ठेवा.

१०. धूळ

मार्च ते जून आपल्याकडं पॅनलवर धुळीचा थर बसतो, कोराडी-खापरखेड्याकडच्या घरांना राखही. दर पंधरा दिवसांनी धुवा, पण सकाळी ऊन चढायच्या आधी किंवा संध्याकाळी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी असेल तर धुतल्यावर लगेच वायपरनं ओढून घ्या, नाहीतर टाकीवर धरतो तसा पांढरा थर काचेवर धरतो आणि मग तो निघत नाही. कपड्याची पावडर, तारेची घासणी, दोन्ही नको, आणि पॅनलवर पाय तर अजिबातच नको, आतले सेल तडकतात आणि वरून काही दिसत नाही.

ॲपमध्ये उत्पादन एकदम पडलेलं दिसलं तर आधी त्या दिवशी लाईन किती वेळ गेली होती ते आठवा, मग धूळ पाहा, मग नवीन सावली आली का पाहा, मग इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा एरर कोड फोटोत घ्या आणि तो फोटो जोडून व्हेंडरकडं लेखी तक्रार करा, ५ वर्षांच्या देखभालीत त्याला यावंच लागतं.